मदत हवी आहे : दमलेल्या हाताला जोराचा अंदाज का येत नाही?

नमस्कार मंडळी,

गेली 3 वर्षं मी ढोलपथकात वाजवते. उजव्या हातात टिपरू (ढोल वाजवायची काठी), डाव्या हाताची थापी. सराव दीड तासाचा. शेवटच्या अर्ध्या तासात पथकप्रमुख ताई हमखास ओरडतात, "टिपरू पडत नाहीये, आवाज गेला!" मला मात्र मनापासून वाटत असतं की मी सुरुवातीपेक्षा जास्तच जोर लावतेय. परवा रेकॉर्डिंग ऐकलं. ताई खरं सांगत होत्या.

त्याच रात्री घरी चहाचं पातेलं सांडशीने उचललं. पकड नेहमीइतकीच घट्ट वाटत होती, पण सांडशी काठावरून सरकली आणि सगळा चहा ओट्यावर. पाय थोडक्यात वाचला.

मग सरावानंतर एक करून पाहिलं. डोळे मिटून उजव्या हातात 2 किलो साखरेची पिशवी धरली. नवरा डाव्या हातातल्या कॅनमध्ये पाणी ओतत राहिला. दोन्ही हात सारखे जड वाटले तेव्हा "थांब" म्हटलं. कॅन भरला अडीच किलो! सकाळी ताज्या हातांनी केलं तर फरक जेमतेम वाटीभर पाण्याचा.

वाचून एवढं समजलं: स्नायू दमला की तेवढ्याच जोरासाठी मेंदूला मोठा हुकूम सोडावा लागतो, आणि जोराचा अंदाज मेंदू बराचसा त्या हुकमावरूनच बांधतो. दमलेल्या हाताला वजन जास्त जड वाटतं, हे मॅक्लॉस्की, एबलिंग आणि गुडविन यांनी 1974 मध्येच दाखवलं होतं. पण स्नायूच्या टोकाशी, कंडरेत, प्रत्यक्ष ताण मोजणारी गॉल्जी इंद्रियंही असतात ना? मग त्यांचं ऐकायची सवय लावता येते का? फिजिओथेरपिस्ट कोणी असतील तर जरूर सांगा.

जुन्या वादकांनाही विचारायचंय. चाळीस ढोलांत स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. तेव्हा तुम्ही अंदाज कशावरून घेता? टिपरू किती उंच जातंय यावरून, की ढोलाच्या पानावरून (ताणलेल्या पडद्यावरून) ते कसं उसळतंय यावरून?

आणि सगळ्यात काळजीचं म्हणजे सराव संपल्यावर मी लगेच स्कूटरवर बसते, पुढचा ब्रेक याच उजव्या हाताने दाबते. किती वेळ थांबून निघावं?