झिरोची भातखाचरं
अरुणाचल प्रदेशातल्या झिरोला सप्टेंबरच्या संगीत महोत्सवातच जावं, एरवी तिथं बघण्यासारखं काही नाही, असं कुणीतरी म्हटलेलं वाचलं; ते मत मला अजिबात पटलं नाही. त्या खोऱ्याचा जीव तिथल्या आपातानी या आदिवासी लोकांच्या भातखाचरांत आहे. नांगर-बैलांशिवाय, सगळी मशागत हातानं. भाताच्याच पाण्यात मासे वाढवतात, बांधावर नाचणी लावतात आणि एका खाचरातलं पाणी दुसऱ्यात सोडायला बांधात बांबूच्या नळ्या बसवतात. आमच्या मंगळवेढ्याकडं ज्वारी नुसत्या जमिनीतल्या ओलीवर निघते, त्यामुळं मी तर त्या नळ्यांपाशीच खिळून राहिलो.

५ जुलैला द्री सण असतो, पिकासाठी प्रार्थना करतात. जमलं तर तेव्हा जा. सोलापुरातून निघण्याआधीच इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्यांना अरुणाचलात शिरायला लागणारा परवाना, ऑनलाइन काढून ठेवा. आणि चेहऱ्यावर गोंदलेल्या आज्यांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढू नका, कृपा करून.