न्हावा शेवाहून आत जाणाऱ्या कंटेनरचं मॉडेल करायचंय, सल्ला द्या

घोडबंदरची_पोर: मंडळी, एमटेकचा प्रोजेक्ट आहे, आयातीचे कंटेनर बंदरातून पुढे कुठे जातात त्याचं मॉडेल. ग्रॅव्हिटी मॉडेल लावलं, म्हणजे जिथे मागणी जास्त आणि अंतर कमी तिकडे जास्त डबे, आणि आयातदारांच्या पत्त्यांशी ताळा घातला तर ढीगभर माल नरिमन पॉइंट नि अंधेरीला चाललाय 😅 काय चुकतंय?

कळंबोली_जुना: ताई, तो हेड ऑफिसचा पत्ता! माल उतरतो भिवंडीच्या गोदामात. मी सीएचएकडे (कस्टम्सची कामं करून देणारा एजंट) बरीच वर्षं काढलीत म्हणून सांगतो, आधी डबा आणि माल वेगळे धरा. काही डबे डीपीडीने (डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरी) थेट गोदामात जातात, काही रेल्वेने दिल्लीकडच्या तुघलकाबाद-दादरीच्या आयसीडीला (समुद्रापासून लांबचा कस्टम्सचा कंटेनर डेपो), पण पुष्कळसे उरण-द्रोणागिरीच्या सीएफएसमध्येच (बंदराजवळचं कस्टम्सचं कंटेनर यार्ड) उघडून रिकामे होतात, पुढे माल साध्या ट्रकने जातो. कारण लांब नेलेला डबा रिकामा करून शिपिंग लाइन सांगेल त्या यार्डात वेळेत परत द्यावा लागतो, नाहीतर डिटेन्शन (डबा उशिरा दिल्याचा आकार) चढतं. ही परतीची फेरी धरलीय का तुम्ही?

घोडबंदरची_पोर: नाही ना 🙈

सिमपायवाला: मग वाट निवडायला लॉजिट (कुठली वाट निवडली जाईल त्याची शक्यता काढणारं मॉडेल) ठेवा, खर्च आणि दिवस दोन्ही घालून, आणि डबे जिथे थांबतात त्यासाठी डिस्क्रीट इव्हेंट सिम्युलेशन (एकेक घटना क्रमाने चालवून रांगा बघायच्या), पायथनमधलं सिमपाय फुकट आहे. रस्ते ओपनस्ट्रीटमॅप या फुकट नकाशावरून घ्या. लॉजिस्टिक्स डेटा बँक या कंटेनर ट्रॅकिंगच्या यंत्रणेने २०१६ पासून इथल्या डब्यांना आरएफआयडी टॅग लावायला घेतले, कंटेनर नंबर टाकला की कुठल्या गेटमधून कधी गेला ते दिसतं, तेवढ्यावर थांबण्याचे तास काढता येतील.

कळंबोली_जुना: तास महत्त्वाचे, किलोमीटर नाही. भिवंडी साठेक किलोमीटर, पण गर्दीच्या वेळची बंदी लागली की ट्रेलर शिळफाट्याच्या अलीकडे उभा तो उभाच, आणि ड्रायव्हर तिथेच स्टोव्ह काढून भात टाकतो. सरासरी वेग धरलात तर मॉडेल दोन तासांत पोचवेल, हा पोचणार रात्री.

घोडबंदरची_पोर: ओके, म्हणजे मॉडेलमध्ये जिल्ह्यांच्या आधी सीएफएसचे नोड (मधले थांबे), आणि बंदीच्या वेळा वेगळ्या. काका, भरलेला नि रिकामा डबा रस्त्यावर ओळखायचा कसा? दोन-तीन दिवस मोजणी करेन म्हणते.

कळंबोली_जुना: गव्हाण फाट्याला टपरीवर बसा. दाराला बोल्ट सील (खिळ्यासारखं लोखंडी सील) असेल तर भरलेला समजा. आणि खड्ड्यात धडाडधूम वाजत गेला की तो रिकामा, बघायचीही गरज नाही.