जन्मापासूनच्या तिळातून रक्त येतंय, सासूबाई दाखवायला तयार नाहीत

रामबागची सून (इंदूर)
सासूबाई ६३ वर्षांच्या. कमरेवर, परकराची नाडी बसते तिथेच, जन्मापासून रुपयाएवढा काळा तीळ आहे. लक्ष्मीचा तीळ म्हणून त्यांच्या आईने कौतुकाने जपलेला. रंगपंचमीला परकरावर लाल डाग दिसला. गेरचा, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीचा रंग असेल म्हणून मी भिजत घातला. पंधरा दिवसांनी पुन्हा तसाच डाग. मग नीट पाहिलं, तर तिळाच्या एका कडेला तुरीच्या दाण्याएवढा निळसर-काळा उंचवटा आलाय. शेजारच्या काकू चुना-सोडा लावून जाळा म्हणतात. सासूबाईंचं एकच, "जन्माचा आहे, आता काय करणार तो? आणि सुरी लागली की पसरतं." खरंच पसरतं का हो?

निवृत्त लॅबवाला
ताई, चुना लावू देऊ नका. ३१ वर्षं पॅथॉलॉजीत स्लाइडा बनवल्या, म्हणून कळकळीने सांगतोय. जाळला किंवा लेसरने उडवला की सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला काही उरत नाही. वरून कातडी भरून येते, आत काय राहिलं ते कुणालाच कळत नाही.

जन्मतःचे तीळ साधारण शंभरात एका बाळाला असतात. लहान तिळात कॅन्सर क्वचितच होतो, आयुष्यभरात १ टक्क्याहूनही कमी लोकांना. २० सेंमीपेक्षा मोठे डाग असतात त्यांचा धोका जास्त, आणि तोही बऱ्याचदा लहानपणीच. पण लहान तिळात झालाच तर मोठेपणी होतो, आणि बहुतेकदा कडेपासून. तुम्ही कडेचंच लिहिलंय, रक्ताचंही. नाडी घासूनही रक्त येऊ शकतं, पण नवा उंचवटा नाडीने येत नाही.

सुरीने पसरत नाही. तीळ अख्खा, थोडी कड ठेवून काढतात, जागा बधिर करून. कॅन्सर निघाला तर रिपोर्टात त्याची जाडी मिलिमीटरमध्ये लिहितात, पुढचे उपचार मुख्यतः त्या आकड्यावर ठरतात. १ मिमीच्या आत असेल तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात. एमवायच्या, म्हणजे इंदूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्याच्या त्वचारोग ओपीडीत दाखवा.

देवासची लेक
माझ्या बाबांच्या तळपायावर काळा डाग होता, जन्माचा नव्हे. एका डॉक्टरांनी कुरूप म्हटलं, आम्ही दोन वर्षं पट्ट्या लावल्या. जांघेत गाठ आली तेव्हा कळलं. आपल्याकडे हा कॅन्सर तळपायाला, नखाखाली जास्त दिसतो, हे मला आधी कुणी सांगायला हवं होतं. ताई, भांडा, रडा, पण न्या त्यांना.

रामबागची सून
काका, तुमचं उत्तर सासूबाईंना वाचून दाखवलं. "जागा बधिर करून" हे दोनदा वाचायला लावलं. देवासच्या ताईंचं मात्र मला मोठ्याने वाचवलं नाही, त्यांनी चष्मा लावून स्वतःच वाचलं. गुरुवारी सकाळी जातोय. नाडी आता वर बांधतात, तिळावर येऊ देत नाहीत. रिपोर्ट आला की इथे लिहिते.