"कॉलर धरायला कोणीतरी पाहिजे" म्हणणाऱ्यांनो, कुणाची कॉलर?

शहापूरचा_पोरगा
काल आपल्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या अण्णांनी इथं टाकलं की ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतोय ते सॉफ्टवेअर, हा बिनपगारी पोरांचा खेळ, धंदा करणाऱ्यानं रोख मोजून सॉफ्टवेअर घ्यावं, उद्या बिघडलं तर कॉलर धरायला कोणीतरी पाहिजे. वर अंगठ्यांचा पाऊस. डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहूलालोय.

अण्णा, कॉलर कुणाची धरणार? पैसे देऊन घेतलेल्या सॉफ्टवेअरचा करार एकदा शेवटपर्यंत वाचा की. नुकसान झालं तर फार तर भरलेली फी परत, बहुतेक ठिकाणी एवढंच लिहिलेलं असतंय. १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक ह्या सुरक्षा कंपनीचं एक अपडेट चुकलं आणि मायक्रोसॉफ्टच्याच हिशेबानं ८५ लाख विंडोज मशीन निळा स्क्रीन दाखवत बंद पडली, आपल्याकडं विमानतळावर हातानं बोर्डिंग पास लिहून देऊलालते. ते सगळं रोख मोजून घेतलेलंच होतं. कुणाची कॉलर हाताला लागली?

आणि तुमच्या पेड सॉफ्टवेअरच्या पोटात काय आहे ते पण बघा. अबाउटमध्ये जाऊन लायसन्सची यादी उघडा, कर्ल, झेडलिब, एसक्यूलाइट, ओपनएसएसएल, सगळी आमचीच ओपन सोर्स मंडळी. इंटरनेटवरनं डेटा आणणारं कर्ल तर स्वीडनचा डॅनियल स्टेनबर्ग १९९८ पासून सांभाळतोय. त्याला किती दिलात तुम्ही? एक्सझेड ह्या फाईल दाबून लहान करणाऱ्या टूलमध्ये कुणीतरी बसवलेला चोरदरवाजा २०२४ च्या मार्चमध्ये सापडला, कारण कोड उघडा होता. बंद असता तर आज पण आपण तसेच झोपलेलो असतो.

उद्यमबागवाले_अण्णा
तुझं डोकं फिरवल्याबद्दल माफी बाळ. आता माझं ऐक.

आमच्या फौंड्रीत एका पोरानं ओपन सोर्स ईआरपी, म्हणजे बिलं-स्टॉक-हिशोब सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवून दिलं. चांगलं चाललं होतं, खोटं का बोलू. मग पोरगा बेंगळूरला नोकरीला गेला. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटीच्या वर उलाढाल असणाऱ्यांना ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, सक्तीचं झालं, आमचा नंबर तेव्हा लागला. आमचं व्हर्जन जुनं, अपडेट करायला गेलं की दुसरंच कायतरी मोडायचं. गाडीत कास्टिंग भरून ताडपत्री बांधून तयार, ड्रायव्हर गेटवर येरझाऱ्या मारतोय, आणि स्क्रीनवर लाल अक्षरात एरर. बिलाचा सरकारी नंबर म्हणजे आयआरएन नाही, क्यूआर नाही, म्हणजे गाडी बाहेर काढायची नाही. पोराला फोन लावला तर म्हणतो, "अण्णा मीटिंगमध्ये आहे, गिटहबवर इश्यू टाका." इश्यू टाका! म्हणजे कोडच्या साइटवर तक्रार लिहा. मी फौंड्री चालवूलालोय की गिटहब? शेवटी अकाउंटंटनं सरकारच्या ऑफलाइन टूलमध्ये एकेक ओळ हातानं भरून बिल काढलं, तोवर कोल्हापूरच्या पार्टीचे शिव्यांचे फोन. दुसऱ्या महिन्यात टॅली घेतलं. बिघडतंय ते पण, पण फोन केला की माणूस येतोय. हीच माझी कॉलर. करारात काय लिहिलंय ते तू वाचत बस.

कॅम्प_रूट
शहापूरकर, एक्सझेडचं उदाहरण अर्धंच सांगितलंस. त्या दरवाजाची किल्ली फिरवणारी स्क्रिप्ट गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कोडात, नव्हतीच, ती फक्त ५.६.० आणि ५.६.१ च्या रिलीज टारबॉलमध्ये, म्हणजे डाउनलोडच्या गठ्ठ्यात घुसवलेली, आणि खरा माल टेस्टच्या बायनरी, म्हणजे वाचता न येणाऱ्या, फायलींत लपवलेला. ज्यानं तो पकडला त्या आंद्रेस फ्रॉइंडला पण तो कोड वाचताना दिसला नाही, एसएसएचनं म्हणजे दुरून सर्व्हरवर लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागूलालंय म्हणून तो खणत गेला. नशीब म्हण. आणि दरवाजा बसवणारा जिया तान दोन वर्षांच्या वर गोड बोलून पॅच म्हणजे कोडच्या दुरुस्त्या देत होता, कारण एक्सझेड सांभाळणारा मूळचा लासे कॉलिन एकटा, दमलेला, आणि वरून मेलिंग लिस्टवर लोक त्याला टोचूलालते की काम स्लो आहे. "हजार डोळे बघतायत" म्हणता, इथं दोन डोळे होते, ते पण थकलेले.

शहापूरचा_पोरगा
@कॅम्प_रूट बरोबर, पण अर्धा सेकंद लागल्यावर खणायला त्याच्याकडं कोड होता का नव्हता? बंद डब्यात काय, तिकीट टाकून वाट बघत बसला असता.

अण्णा, तुमचा राग त्या पोरावर आहे, ओपन सोर्सवर नाही. टॅलीचा डीलर दुकान बंद करून गेला असता तर?

उद्यमबागवाले_अण्णा
दुसरा डीलर आला असता. गल्लीत चार आहेत. तुमच्या ईआरपीला अख्ख्या बेळगावात एकच पोरगा होता, तो गेला.

खडेबाजार_डीटीपी
तुमचं इनव्हॉइस राहू दे बाजूला, आमचं कोण ऐकणार? लग्नपत्रिका छापतो मी, एका बाजूला मराठी एका बाजूला कन्नड, इकडं दर दुसऱ्या घरात सोयरीक तशीच असतीय. अजून पेजमेकर ह्या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर काम करतो. मराठीचा फॉन्ट डोंगलवाला, म्हणजे कॉम्प्युटरला चावी लावली तरच चालणारा, डोंगल मोडला की धंदा बंद, नवा घ्यायला गेलो तर म्हणे जुना घेऊन या. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवतंय युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईलवर सगळीकडं चालणाऱ्या अक्षरांत, तो पेजमेकरमध्ये टाकला की नुसते चौकोन. मग परत सगळं टाइप करा. कन्नडला सरकारनं नुडी हे टायपिंगचं सॉफ्टवेअर फुकट दिलं, मराठीला आम्ही डोंगल पुजत बसलोय. ओपन सोर्सवाल्यांनी आमच्यासाठी काय केलं ते सांगा.

अनगोळकर_अक्का
मामा, पेजमेकरचं शेवटचं व्हर्जन २००१ चं आहे. तेव्हा माझं बारसं झालं होतं. युनिकोड त्याला कळतच नाही, त्यात व्हॉट्सॲपचा काय दोष?

केलंय काय विचारलंत ना? मुक्ता आणि बालू हे फॉन्ट मुंबईच्या एक टाइपनं केलेत, ओपन लायसन्सवर, पत्रिकेला छापा नाहीतर बोर्डाला, कोण विचारत नाही. बालू कन्नडमध्ये पण आहे, म्हणजे पत्रिकेच्या दोन्ही बाजू एकाच घराण्यातल्या दिसतील. जोडाक्षरं नीट बसवायचं काम हार्फबझ करतंय, तेच क्रोममध्ये, तेच अँड्रॉइडमध्ये, आणि स्क्रायबस ह्या पानं मांडायच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये पण. स्क्रायबस १.६ जानेवारी २०२४ ला आलं. आणि नुडी फुकट आहे म्हणून ओपन होत नाही. जुन्या नुडीतल्या फायली पण युनिकोड नाहीत, त्यांना पण कन्व्हर्टर लागतोय, कन्नडवाल्यांना विचारा.

खडेबाजार_डीटीपी
बघितलंय स्क्रायबस. भाच्यानं घालून दिलं होतं. "वऱ्हाडी मंडळी" लिहिलं तर "वर्हाडी" आलं, र जाऊन ह च्या डोक्यावर बसला. पाहुण्यांनी पत्रिका परत आणली. बारशाच्या गोष्टी मला सांगू नको अक्का, शाई आणि कागद माझ्या पैशाचा गेलाय.

अनगोळकर_अक्का
ते स्क्रायबसनं नाही केलं, टाइप करणाऱ्यानं साधा र टाकला. इनस्क्रिप्ट ह्या सरकारी कीबोर्डवर शिफ्ट धरून जे दाबा, ऱ येतो, मग हलंत आणि ह. वऱ्हाडी, सुपाऱ्या, नवऱ्या मुलाचे मामा, सगळं नीट येतंय.

खडेबाजार_डीटीपी
आमचा ऑपरेटर डोंगलच्या कीबोर्डवर वाढलाय, डोळे झाकून टाइप करतोय. त्याला आता शिफ्ट जे शिकवू? सीझनमध्ये? पगार तू देतीस काय?

निपाणीकर_स्पष्ट
मामा रडू नका. २०२४ ला फलकावर ६० टक्के कन्नडचा कायदा झाला तेव्हा बोर्ड बदलायला आख्खा बाजार तुमच्यासारख्यांच्या दारात. तेव्हा डोंगल चालला होता ना? आणि इथं मुळात प्रश्न फॉन्टचा नाहीच, मराठीला इथं सरकारी काहीच मिळत नाही हा आहे. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, नोटीस कन्नडमध्ये. ओपन सोर्स ओपन सोर्स करून काय होणाराय, १९५६ पासून

कॅम्प_रूट
झालं. आलं १९५६. कुठलाही धागा काढा, फिरून सीमाप्रश्नावरच.

निपाणीकर_स्पष्ट
तुला झोंबतंय कारण तुझी पोरं इंग्लिश मीडियमला. उतारा हातात घेऊन कुणाकडून वाचून घ्यायची वेळ आली नाही तुझ्यावर.

कॅम्प_रूट
माझी आई कन्नड, बाप मराठी, उतारा मीच वाचून देतोय अख्ख्या गल्लीला. बोल पुढं.

अनगोळकर_अक्का
दोघं पण थांबा. निपाणीकर दादा, उताऱ्याचंच घ्या. टेसरॅक्ट म्हणून ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं वाचणारं सॉफ्टवेअर आहे, एचपी कंपनीत जन्मलं, २००५ ला ओपन झालं, मराठी आणि कन्नड दोन्ही वाचतंय. बाबांच्या खानापूरच्या जमिनीचा उतारा मी स्कॅन करून त्यातनं काढला, लिपी बदलणाऱ्या छोट्या स्क्रिप्टमधनं देवनागरीत आणला. भाषा कन्नडच राहिली, पण सर्व्हे नंबर आणि नावं बाबांनी चष्मा लावून स्वतः वाचली. शिक्क्याखाली गेलेली अक्षरं चुकली, ती हातानं दुरुस्त केली. कोर्टात चालायचं नाही ते, पण एजंटाला वाचायचे पैसे गेले नाहीत. कुठल्या कंपनीनं हे आपल्यासाठी केलं असतं? गिऱ्हाईक किती, धंदा किती, असं विचारून फाईल बंद केली असती.

निपाणीकर_स्पष्ट
स्क्रिप्टची लिंक टाक. सरकारचं काम घरी करायला लागतंय याचा आनंद मानायचा असेल तर मानतो.

उद्यमबागवाले_अण्णा
पत्रिका झाली, सातबारा झाला, माझी गाडी अजून गेटवरच. अजून एक सांगा, हे तुमचं ओपन उद्या बंद केलं तर? आमच्या जावयाच्या कंपनीत रेडिस ह्या डेटाबेसचं लायसन्स बदललं म्हणून आठवडाभर मीटिंगा चालल्या म्हणे.

शहापूरचा_पोरगा
२०२४ च्या मार्चमध्ये बदललं, आणि दहा दिवसांच्या आत लिनक्स फाउंडेशनखाली व्हॅल्की उभं राहिलं, जुन्याच कोडवरनं, ह्यालाच फोर्क म्हणतात. २०२५ ला रेडिसवाले पण एजीपीएल हे ओपन लायसन्स घेऊन परत आले. आता टॅलीनं उद्या भाव दुप्पट केला तर तुम्ही काय फोर्क करणार, जेवायचा?

उद्यमबागवाले_अण्णा
जीभ लई चालतीय तुझी. हात पण चालतात काय बघू. आमच्या प्रॉडक्शनचं अजून एक्सेलवर आहे, हीट नंबर म्हणजे वितळवलेल्या खेपेचा नंबर, रिजेक्शन, सगळं. बसव तुझं ओपन काय असेल ते. पण वर्षाचा करार लिहून देणार, त्यात फोन उचलायची वेळ लिहिणार, आणि तू बेंगळूरला गेलास तर पुढचा माणूस कोण त्याचं नाव लिहिणार. लायसन्स फुकट आहे म्हणून कमी पैसे घेतो म्हणालास तर घेणार नाही, कारण मग तू पण पळणार.

शहापूरचा_पोरगा
एवढंच तर सांगूलालतो सकाळपासून. पैसे डब्याला नको, माणसाला द्या.

उद्यमबागवाले_अण्णा
तू सांगितलंस ते कर्ल आणि स्वीडन. करार मी सांगितला. श्रेय घेऊ नको.

कॅम्प_रूट
आणि त्या करारातनं स्टेनबर्गला किती जाणार? लासे कॉलिनला? शून्य ना? मग माझा मुद्दा आहे तिथंच आहे.

शहापूरचा_पोरगा
आहे. त्याला उत्तर नाही माझ्याकडं. आधी अण्णांचा चेक वटू दे.

खडेबाजार_डीटीपी
अक्का, ते स्क्रायबस माझ्या कोरलच्या फायली उघडतंय काय?

अनगोळकर_अक्का
कोरलची सीडीआर फाईल उघडतंय, पेजमेकरची पण उघडतंय. पण डोंगलवाल्या फॉन्टमधला मजकूर कचरा दिसणार, तो आधी कन्व्हर्टरमधनं काढायला लागेल. चित्रं, बॉर्डर, गणपती जागेवर राहतील बहुतेक.

खडेबाजार_डीटीपी
गणपती राहिला तर बघू. तुळशीच्या लग्नाच्या आधी ये, नंतर मला मान वर करायला वेळ नसतो. ऑपरेटरसमोर शिफ्ट जे म्हणू नको, तो सोडून जाईल.