मदत हवी आहे : पिवळ्याऐवजी लाल पावडर येतेय

पावडर_वाशी
शुक्रवारी गाइडना नमुना दाखवायचाय. टँटलम धातूच्या ऑक्साइडवर भट्टीत अमोनिया सोडून ऑक्सिनायट्राइड (ऑक्सिजन आणि नायट्रोजन दोन्ही असलेलं संयुग) करतेय. पिवळसर हिरवं यायला हवं, तीनदा विटकरी लाल आलं. तापमान ८५० अंशच आहे, प्लीज परत तेच विचारू नका.

खाडीपूल
बाकी काहीच लिहिलं नाहीत. प्रवाह किती, तास किती, वायू कोरडा की ओला?

पावडर_वाशी
मिनिटाला २०० मिली, १५ तास. कोरडाच की! कॉस्टिक पोटॅशच्या गोळ्यांवरून येतो.

खाडीपूल
मग लालच येणार. ते टँटलम नायट्राइड, तीन टँटलमला पाच नायट्रोजन. क्रियेत ऑक्साइडमधला ऑक्सिजन पाणी होऊन निघतो आणि तुमचा कोरडा झोत ते लगेच वाहून नेतो, त्यामुळे मधल्या टप्प्यावर, म्हणजे ऑक्सिनायट्राइडवर, थांबायला जागाच उरत नाही. गोळ्या काढा, प्रवाह २० वर आणा.

घोडबंदर_केम
सिलेंडरच नको. युरिया मिसळून तापवा, अमोनिया आतच तयार होतो. मी कायम तसंच करतो.

खाडीपूल
त्यात कार्बन राहतो. माझी पावडर काळपट निघाली होती.

घोडबंदर_केम
प्रमाण चुकलं असेल तुमचं. माझी कधीच नाही निघाली.

स्फटिकवेडा
रंगाचं सोडा, ऑक्सिजन कुठे आणि नायट्रोजन कुठे बसलाय ते बघा. दोघांच्या आयनांत इलेक्ट्रॉन १०-१०, एक्स-रेला फरकच कळत नाही. न्यूट्रॉनला कळतो: प्रकीर्णन लांबी (अणू न्यूट्रॉनला किती जोरात विखुरतो त्याचं माप) नायट्रोजनची ९.३६, ऑक्सिजनची ५.८० फेम्टोमीटर. त्यातूनच समजलं की ऑक्सिनायट्राइडमध्ये नायट्रोजनभोवती चार टँटलम असतात, ऑक्सिजनभोवती तीन. तुम्ही वाशीला ना? पुलापलीकडे ट्रॉम्बेला ध्रुव अणुभट्टी आहे, तिथे न्यूट्रॉन मिळतात, विद्यापीठातूनही प्रस्ताव पाठवता येतो.

पावडर_वाशी
सर, पाठवेन, पण आधी पावडर तरी पिवळी होऊ दे. शुक्रवार आलाय.

कळवा_लॅब
नमुना आधी-नंतर तोललात का? पूर्ण ऑक्सिनायट्राइड झालं तर वजन ४.५ टक्के घटतं, लाल नायट्राइडला ७.५. आणि ती लाल टाकून देऊ नका, उजेडात पाण्याचं विघटन करायच्या प्रयोगांत तीही वापरतात.

पावडर_वाशी
आत्ता वही काढून बघितली, ७.३! म्हणजे जवळजवळ सगळं नायट्राइडच. आज रात्री गोळ्या काढून २० वर लावते. अमोनियाचा नवा सिलेंडरही आलाय, नायट्रोजनचा रेग्युलेटर (दाब कमी करायचा व्हॉल्व्ह) बसला त्यावर.

खाडीपूल
थांबा. नायट्रोजनचा म्हणजे बहुतेक पितळेचा. अमोनिया पितळ खातो, तडे जातात. आज भट्टी लावू नका, स्टेनलेस स्टीलचा आणा. भट्टीतून वायू बाहेर नेणारी शेवटची नळी कशात सोडलीये?

पावडर_वाशी
पातळ ॲसिडमध्ये, थेट.

कळवा_लॅब
मधे एक रिकामी बाटली जोडा. भट्टी थंड होताना ॲसिड मागे नळीत ओढलं जातं. भट्टीतल्या गरम क्वार्ट्झच्या नळीवर पोचलं तर ती गेलीच.

पावडर_वाशी
पितळेचाच आहे, आत्ता बघितला. बंद केलाय. रबाळे-महापे एमआयडीसीत स्टीलचा अमोनिया रेग्युलेटर आजच्या आज कुठे मिळेल?