कंडोम फाटून १९ दिवस झाले, एचआयव्ही टेस्ट नक्की कधी करू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. मी पेडण्याचा, वय २७, कळंगुटला हॉटेलात कामाला. १९ दिवसांपूर्वी एका मुलीबरोबर संबंध आले, कंडोम होता पण फाटला आणि ते शेवटी कळलं. ती परत भेटलेली नाही, तिची काहीच माहिती नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच फार्मसीत हळू आवाजात विचारलं तर काउंटरवरचा म्हणाला आता काही करता येत नाही, तीन महिन्यांनी टेस्ट कर. नंतर नेटवर वाचलं की ७२ तासांच्या आत पेपच्या, म्हणजे संबंधानंतर एचआयव्हीची लागण टाळायच्या, गोळ्या सुरू करता येतात, तेव्हा पाचवा दिवस उजाडला होता.

१२व्या दिवशी एका लॅबमध्ये बोट टोचून रॅपिड टेस्ट केली, निगेटिव्ह. रिपोर्ट देताना तिथल्या बाईंनी सगळ्यांसमोर मोठ्याने "एचआयव्हीचा कोणाचा?" विचारलं, मान खाली घालून घेतला आणि निघालो. आता तीन दिवस घसा दुखतोय, अंग कोमट वाटतं.

काल घरी चवथीच्या गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या माटोळीची तयारी चालली होती, कोयता बोटाला लागला, रक्त आलं, चार वर्षांचा भाचा मामा बघू मामा बघू करत हात धरायला आला आणि मी त्याच्यावर असा ओरडलो की तो रडत ताईकडे पळाला. दसऱ्यानंतर माझा साखरपुडा आहे. निगेटिव्ह आलेली टेस्ट धरायची की नाही? आणि सरकारीत गेलो तर नाव बाहेर फुटेल का? आमच्याकडे अजून १९८९ची गोष्ट सांगतात, डॉमिनिक डिसोझाला एचआयव्ही निघाला म्हणून म्हापशात ६४ दिवस कोंडून ठेवलं होतं.

समुपदेशक_ताई:
भावा, आधी भाच्याचं. धडधाकट कातडीवर रक्त लागून एचआयव्ही होत नाही. जखम धू, पट्टी बांध आणि त्याला जवळ घे.

१२व्या दिवसाची रॅपिड धरू नकोस, फार लवकर झाली. ती टेस्ट अँटिबॉडी, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं, शोधते आणि त्या अंगात तयार व्हायला वेळ लागतो, कुणाला २३ दिवस, कुणाला ९० पर्यंत. नसेतून रक्त घेऊन लॅबमध्ये करतात ती फोर्थ जनरेशन टेस्ट विषाणूचं अँटिजेन, म्हणजे त्याचा स्वतःचा अंशही पकडते, १८ ते ४५ दिवसांत. म्हणून ४५ दिवस झाले की ती कर, निगेटिव्ह आली तर खूप भरवशाची. मग ९० दिवसांनी एक रॅपिड, तुझा हिशोब तुळशीच्या लग्नाच्या आसपास येतो. तोवर कंडोमशिवाय संबंध नको, रक्तदान नको. घसा दुखण्यावरून काही ठरवू नकोस, पावसात निम्म्या गोव्याचा घसा दुखतो. ताप वाढला तर मात्र डॉक्टरांना हा प्रसंग सांगून दाखव. सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी, सी पण तपासून घे, लोक ते विसरतातच.

फार्मसीवाल्याने तुझं नुकसान केलं. इतर कोणी वाचत असेल तर सांगते, असं काही झालं की सकाळची वाट न बघता सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, पेप जितकं लवकर तितकं चांगलं, २८ दिवस गोळ्या घ्याव्या लागतात.

नावाची भीती मला कळते. पण आता २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, तुझ्या संमतीशिवाय टेस्ट नाही आणि रिपोर्ट कोणाला सांगायचा नाही. आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्रात, टेस्ट फुकट असते, आधी आणि नंतर काउन्सेलर एकट्याशी बोलतात. पेडण्याचा आहेस म्हणून म्हापशालाच जायला हवं असं नाही, बांबोळी किंवा मडगावला जा. १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करूनही बोलता येतं, तोही फुकट.

पेडणेकर_२७:
ताई, खूप आभार. तीन आठवडे हे कोणाशी बोललो नव्हतो. मडगावला जातो, तिकडे ओळखीचं कोणी नाही. होणाऱ्या बायकोला आत्ताच सांगू की रिपोर्टनंतर, तेच समजत नाही.

समुपदेशक_ताई:
ते काउन्सेलरसमोर बोल, त्यासाठीच ते बसलेले असतात. ४५ दिवसांची वाट न बघता चवथ झाली की एकदा जाऊन बोलून ये.

पेडणेकर_२७:
बरं. टेस्टला उपाशी जायचं का?

समुपदेशक_ताई:
नाही रे, जेवून जा.