रोजचा ३६ किमीचा फेरा, वर्षातून दोन-तीन लांब दौरे: जुनी ४०० घ्यावी की नवी २५०?

दारव्हा_पशुधन

रामराम मंडळी. मी दारव्हा तालुक्यात गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाचं काम करतो. रोज सहा-सात गावं, सरासरी ३६ किमी, वर्षाला ९ हजारांच्या आसपास. नऊ वर्षं सगळं काम एका १२५ सीसीच्या गाडीवर झालं. अजूनही ५५ चं अ‍ॅव्हरेज देते. तिच्या डाव्या बाजूला लोखंडी कडं वेल्डिंग करून घेतलंय, त्यात द्रवरूप नायट्रोजनचा जार उभा बसतो. जार आडवा झाला की नायट्रोजन सांडून उडून जातो आणि आतले स्ट्रॉ (गोठवलेल्या वीर्याच्या नळ्या) वाया जातात, त्यामुळे गाडी कोणतीही असो, जार उभाच राहिला पाहिजे.

आता लांबच्या प्रवासासाठी स्पोर्ट टूरर घ्यायची आहे. बहीण आदिलाबादला दिली आहे, यवतमाळ-पांढरकवडा करत तिकडे वर्षातून दोन-तीनदा जाणं होतं. बायकोला घेऊन लोणार, सिंदखेडराजा, पुढे वेरूळ असा दौरा करायचं तर लग्नापासून मनात आहे. समृद्धीवर दुचाकीला बंदी, म्हणजे कारंजा-मेहकर-जालना हा जुनाच रस्ता. हे सगळं मिळून वर्षाला ३ हजार किमी धरा.

नवी सुझुकी जिक्सर एसएफ २५० डोळ्यांपुढे आहे. दुसरीकडे अमरावतीला २०२० ची बजाज डॉमिनार ४०० बघितली, २६ हजार किमी फिरलेली. १२५ विकून एकच गाडी ठेवायचा विचार आहे. सोयाबीनचे पैसे आले की व्यवहार करायचा. हप्ता नको, आणि पुढची दहा वर्षं पुन्हा गाडी घेणं होणार नाही. म्हणून विचारतो, चालवायला कोणती परवडेल? ज्यांनी स्वतः खर्च केलाय त्यांनीच सांगावं ही विनंती.

मेहकर_वर्कशॉप

भाऊ, मी एसटीच्या डेपोत मेकॅनिक होतो, आता रिटायर. २०१९ ची डॉमिनार ४०० माह्याजवळ हाय, ६१ हजार किमी झाले. नोकरीत कोणता टायर किती चालला ते लिवा लागे, ती सवय सुटली नाही. वहीत पाहून सांगून राह्यलो.

मागचा टायर १७ हजारांत जाते, मागच्या वेळी ६,८०० लागले. म्हणजे किमीले ४० पैसे निस्ते मागच्या टायरचे. पुढचा २८ हजार चालला. चेन-स्प्रॉकेट (चेन अन् तिची दातेरी चाकं) २४ हजारांवर बदललं, ४,५०० रुपये. दर ५ हजारांनी ऑइल अन् फिल्टर, मजुरीसकट २,६०० च्या आसपास. ब्रेक पॅड, कूलंट, केबल सारं जोडलं तर पेट्रोल सोडून किमीले १ रुपया ४० पैसे. पेट्रोल १०५ धरा, माही गाडी २७ देते, ते झाले ३ रुपये ९० पैसे. एकूण ५ रुपये ३० पैसे.

तुमची १२५ पेट्रोलचे १ रुपया ९० पैसे खाते, बाकीचे ६० पैसे धरा. अडीच रुपये. आता रोजचे ९ हजार किमी तुमी ४०० वर केले, तर वर्षाले २५ हजार जास्तीचे गेले. अन् गेले कुठं? पांदणीतून अन् गोठ्यापुढून, दुसऱ्या गिअरात. ज्या रस्त्यासाठी गाडी घेतली त्या रस्त्यावर नाई.

म्हणून १२५ इकू नोका. एकच २५० ठेवली, तिचे किमीले ४ रुपये १० पैसे धरले, तर १२ हजार किमीचे ४९,२०० होतात. १२५ वर ९ हजार अन् ४०० वर ३ हजार केले तर ३८,४००. दोन गाड्यांचा इन्शुरन्स त्यात टाका: थर्ड पार्टीचा २०२२ चा दर १५० ते ३५० सीसीले वर्षाचे १,३६६, ३५० च्या वर २,८०४, अन् तुमच्या १२५ चे ७१४, जीएसटी वेगळा. तरी साडेआठ हजार वाचतात. १२५ इकून पंचवीस हजार हाती आले असते, ते तीन वर्षांत फिटते.

अमरावतीची गाडी पाहाले जाल तवा गाडी गार असताना जा. मागच्या स्प्रॉकेटवर, पार मागच्या टोकाले, चेन बोटाच्या चिमटीत धरून मागं ओढा. दात अर्धा उघडा पडला तर चेन संपली, साडेचार हजार किमतीतून कापा. मंग चाक हातानं सावकाश फिरवा. एखादी कडी वळत नाई, तिथं चेन कोपरा धरून राहते. मंग खाली बसून पुढच्या चाकामागून रेडिएटरवर बॅटरी मारा. आपली काळी माती त्या जाळीत वाळली की दगड होते, अन् लोक ती प्रेशरच्या पाण्यानं उडवतात. पात्या आडव्या पडलेल्या दिसल्या तर समजा हवा जात नाई. आपल्याकडं मे महिन्यात ४५ अंश असते, तवा हे लय महागात पडते.

अजून एक. २०२० ची गाडी म्हणजे ई-२० च्या, म्हंजे २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलच्या, आधीची. पेट्रोलची नळी फुगली का, चिरली का, ते पाहा. लिटरमागं इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा ऊर्जा कमी असते, म्हणून अ‍ॅव्हरेज दीड-दोननं उतरते. आधी मी २८-२९ लिवत होतो.

धामणगाव_एसएफ

काकांची वही वाचून मीही माझी बिलं शोधायला बसलो. माझ्याकडे एसएफ २५० आहे, तीन वर्षं. हायवेला ३८, गावात ३४ मिळतं, म्हणजे त्यांचा पेट्रोलचा अंदाज बरोबर आहे. तरी मी नव्या २५० च्या बाजूने बोलणार.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यावरच्या गाड्यांना ४० टक्के झाला. म्हणजे नवी २५० घ्यायची तर आत्ताच. ऑइल-कूल्ड, म्हणजे इंजिन तेलानेच गार होणारं, असल्याने रेडिएटर, पंखा, कूलंट ही भानगड नाही. वजन १६१ किलो, डॉमिनार तिच्यापेक्षा तीसेक किलो जड. पाऊस पडून गेल्यावर धुऱ्यावरून गाडी फिरवून घ्यायची असते तेव्हा हे तीस किलो खांद्याला कळतात. टायरची मापं मात्र दोन्हींची एकच आहेत, ११०/७०-१७ आणि १५०/६०-१७, तिथे बचत नाही. हे माप तालुक्याला क्वचित मिळतं, अमरावती किंवा नागपूरहून मागवावं लागतं. झिजायच्या आधीच सांगून ठेवा.

आणि काकांनी एक गोष्ट धरली नाही. वर्षाला ३ हजारच चालणारी गाडी महिनोन् महिने उभी राहते. बॅटरी बसते, टाकीतलं इथेनॉलचं पेट्रोल पावसाळ्यात ओल धरतं. दर आठवड्याला पंधरा-वीस किमी फिरवणं जमणार असेल तरच दोन गाड्या ठेवा.

जारचं मात्र खरं सांगतो, फेअरिंगच्या (बाजूंनी आवरण असलेल्या) गाडीला तसं कडं बसवायला मला तरी जागा दिसत नाही. तुमच्या रोजच्या कामाला माझी गाडी नको.

वरूड_संत्रा

दादा, दोन्ही उत्तरांत मागे बसणारीचं नावही नाही. मी मागे बसते. वरूडहून परतवाडा करून चिखलदऱ्याला आम्ही दरवर्षी जातो, आणि गाडी घेताना मला दुकानात दोन मिनिटं बसवून “जमतंय ना?” विचारलं होतं. जमत नव्हतं. पायाच्या खुंट्या उंच असल्या की गुडघे दुमडलेले राहतात, ६०-७० किमीनंतर कमरेखालचं दुखणं सुरू होतं. घाटात ब्रेक लागला की सगळा भार पुढच्यावर जातो. शेवटी मागे ग्रॅब रेलला (मागे धरायच्या दांडीला) टेकू लावून घेतला आणि सीटवर फोम भरून घेतला, तेव्हा सुख लागलं.

वहिनींना अमरावतीला सोबत न्या. साडी नेसून प्रवास करत असतील तर साडीतच बसवा. बडनेऱ्यापर्यंत तरी चक्कर मारा आणि उतरल्यावर त्या काय म्हणतात ते ऐका.

टायर ट्यूबलेसच घ्या. आमची आधीची गाडी ट्यूबवाली होती. मोर्शीच्या अलीकडे रात्री खिळा घुसला, चाक काढता येईना, दोन तास संत्र्याच्या गाडीची वाट बघत उभे होतो. आता डिकीत रबरी वातीचं किट आणि छोटा पंप असतो.

दारव्हा_पशुधन

सगळ्यांचे आभार. १२५ विकत नाही, हे काकांची वही वाचल्याबरोबर ठरलं. एकच गाडी ठेवायची हे मी धरूनच चाललो होतो, किलोमीटर वाटून बघायचं सुचलंच नव्हतं.

काल दोघंही अमरावतीला जाऊन आलो. चेन ओढून बघितली, अर्ध्याहून जास्त दात उघडा पडला. चाक फिरवलं तर दोन कड्या ताठ. रेडिएटर चांगला आहे, नळीही बदललेली निघाली, त्याचं बिल मालकाने दाखवलं. चेनचे साडेचार हजार कमी करायला तो कबूल झाला.

बायको बडनेऱ्यापर्यंत मागे बसली, साडीतच. खुंट्यांबद्दल तक्रार नाही, पण धरायला मागे हात नेला की खांदा भरून येतो म्हणाली. वरूडच्या ताई, तुमचा तो टेकू कुठे आणि कितीला करून घेतला ते कळवाल का? गाडी त्यानंतरच आणतो. सोमवारी-गुरुवारी डॉमिनार घेऊन यवतमाळ रोडला पंधरा किमी जाऊन यायचं ठरवलंय, जार घरी ठेवून.